नागलीची आंबील, लिंबाच्या वासाची

उन्हाळ्यात चार मित्र जमले की हलकी, लिंबाचा वास असलेली गव्हाची बिअर हवी, असं नाशिक-पुण्याकडची मंडळी हल्ली म्हणतात. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही ब्रुअरी सुरू झाली, पुढे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या आणखी ब्रुअरी निघत गेल्या आणि ही चव ओळखीची झाली. आता काहींना ती घरीच करून बघायची हौस येते. त्यांना आधीच सांगायला हवं: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पेय सौम्य आहे, घरच्यापुरतंच आहे, विकायचं नाही, असं म्हणून सुटका होत नाही.

पण त्या पेलाभर बिअरमध्ये लोकांना जे आवडतं, म्हणजे धान्याची गोडसर चव, जिभेवर रेंगाळणारा आंबूसपणा, लिंबाचा वास आणि पोटातला थंडावा, ते सगळं सुरगाण्याच्या बाजूला फार आधीपासून आहे. तिथे ते नागलीच्या आंबिलीत मिळतं.

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या डांगाला लागून आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी पायपीट, असा हा मुलूख. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकरी पिढ्यान् पिढ्या नागली घेत आले. इतरत्र जिला नाचणी म्हणतात तीच ही. जूनमध्ये राबावर रोप टाकायचं, जुलैत लावणी करायची, दिवाळीच्या आसपास कापणी. कणसरी ही इथली धान्याची देवता. या भागातल्या पेयाचा विषय निघाला की बाहेरच्या माणसाला फक्त मोहाची दारू आठवते. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या पोटाला आधार देणारी आंबील त्याला ठाऊक नसते, कारण तिच्यावर कोणी धाड घालत नाही.

बिअर आणि आंबील यांची सुरुवात एकाच वाटेने होते. बिअर करणारा धान्याला मोड आणतो, ते वाळवतो आणि भरडतो. अशा धान्याला माल्ट म्हणतात. नागलीला मोड सहज येतात आणि तिचं माल्ट उत्तम होतं. म्हणूनच युगांडात तिची बिअर करतात. आपण मात्र अर्ध्या वाटेवर थांबणार आहोत. पीठ आंबेल, पण मद्य होण्याआधीच ते शिजवून टाकायचं. कुठे थांबायचं ते कळलं की आंबील जमली.

खाली दिलेलं प्रमाण आठ-दहा पेल्यांचं आहे: नागलीचं पीठ १५० ग्रॅम, पाणी सव्वा लिटर, पातळ ताक अर्धा लिटरभर, गवती चहाच्या सात-आठ पाती, एक लिंबू, मीठ, जिरं, लसूण. पण पिठाआधी दाण्याची तयारी करावी लागते आणि तिला तीन दिवस लागतात. शनिवारी पाहुणे येणार असतील तर मंगळवारी नागली भिजत घाला.

आधी दाणा निवडा. आठवडी बाजारात लालसर-तपकिरी नागली मिळते. ती मुठीत घेऊन फुंकर मारा. फोल खूप उडाला तर दुसरीकडे बघा. वास घ्या, कुबट वाटली तर घेऊच नका, कारण त्या दाण्याला मोड धड येणार नाहीत. पॉलिश केलेली किंवा भाजलेली नागलीही इथे चालत नाही. दाणा जिवंत असला पाहिजे.

किलोभर नागली एकदम करून ठेवली तर उन्हाळाभर पुरते. दाणा मोहरीपेक्षाही बारीक, त्यामुळे खडे दिसत नाहीत आणि इथेच पहिली चूक होते. नुसतं चाळून भागत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, नागली ढवळा, वर तरंगणारा फोल ओतून द्या. मग दाणे ओंजळीने हलकेच दुसऱ्या भांड्यात काढत जा, तळाशी माती आणि कच राहील. हे तीन-चार वेळा करा. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. कंटाळा केला तर आंबिलीच्या प्रत्येक घोटात दाताखाली कचकच येते आणि मग काहीच उपाय उरत नाही.

धुतलेली नागली आठ ते दहा तास भिजू द्या. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर भिजतानाच वास येऊ लागतो.

नंतर पाणी पूर्ण निथळून नागली दाट विणीच्या सुती फडक्यात बांधा. विरळ फडक्यातून दाणे गळतात. पुरचुंडी चाळणीत ठेवा, खाली हवा खेळू द्या. दिवसातून दोन-तीनदा उघडून दाणे हाताने सैल करा आणि वरून थोडं पाणी शिंपडा. एवढंच काम, पण बहुतेकांचे मोड याच टप्प्यात बिघडतात. गच्च बांधलेल्या पुरचुंडीच्या आत उष्णता साठते, मधला गोळा चिकट होतो आणि बुरशी धरते. मोडाच्या टोकाला मुळांची पांढरी बारीक लव असते, ती बुरशी नव्हे. ती प्रत्येक दाण्याला चिकटलेली आणि सारखी दिसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवरून पसरते, राखाडी किंवा हिरवट दिसते आणि तिला कोंदट वास येतो. तसं दिसलं तर ती नागली टाकून द्या. धुऊन वापरायचा मोह टाळा.

एप्रिलमध्ये चोवीस ते तीस तासांत मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. दाण्याच्या दीड-दोन पट लांबीचा मोड झाला की थांबवा. मोड लांब वाढले की दाण्यातलं सत्त्व त्यांनीच खाल्लेलं असतं आणि पीठ कडवट लागतं.

या मोड येण्यात काय घडतं ते समजून घेतलं तर पुढची एक मोठी अडचण टळते. दाण्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च भरलेला असतो. अंकुराला तो तसाच खाता येत नाही, म्हणून दाणा अमायलेज नावाचं विकर तयार करतो. विकर म्हणजे रासायनिक काम भराभर घडवून आणणारा पदार्थ. हे विकर पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करतं. मोड आलेल्या नागलीला जी गोडी येते ती यामुळे. शिवाय दाण्यातलं फायटिक आम्ल मोड आणल्याने आणि आंबवल्याने कमी होतं आणि त्याने अडवून धरलेलं लोह, कॅल्शियम शरीराला जास्त मिळतं. नागलीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरांत हा आकडा सगळीकडे झळकत होता. सुरगाण्यात नागलीची भाकरी त्याआधीही रोज थापली जात होती.

आता वाळवण. मोडाची नागली फडक्यावर पातळ पसरा आणि कडक उन्हात दिवसभर वाळवा, मधूनमधून हात फिरवा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. थोडा जरी ओलसर राहिला तर गिरणीच्या दगडाला चिकटतो आणि पुढे पिठात जाळी धरते. वाळल्यावर दोन्ही तळहातांत चोळा म्हणजे मोड गळून पडतील, मग सुपात पाखडून ते काढून टाका.

पुष्कळजण यानंतर नागली खमंग भाजतात. सत्त्वासाठी किंवा लाडवांसाठी ते ठीक, आंबिलीसाठी नको. जोरदार भाजलं की विकर मरतं. फारच वाटलं तर मंद आचेवर कोमट होईपर्यंत परता आणि उतरवा.

दळताना गिरणीवाल्याला सांगा की आधी साधी नागली दळ, मग ही. गव्हावर दळली तर गव्हाचं पीठ मिसळतं आणि आंबील चिकट होते. घरच्या मिक्सरवर करायचं असेल तर थोडं थोडं दळून पातळ फडक्यातून चाळा. वर राहिलेला कोंडा भाकरीच्या पिठात घालता येतो.

आता प्रमाणाचा मुद्दा. १५० ग्रॅम पिठात मोडाच्या नागलीचं पीठ ४० ते ५० ग्रॅमच घ्या, बाकी साध्या नागलीचं. सगळंच मोडाचं घेतलं तर आंबील शिजताना पाण्यासारखी पातळ होते. करणाऱ्याला वाटतं पीठ कमी पडलं, तो आणखी घालतो, तेही पातळ होतं. हे सगळं त्या अमायलेजचं काम. बिअर करणारे याच गुणाचा फायदा घेतात: भरडलेलं माल्ट ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे पिष्टाची साखर होते आणि पुढे यीस्टला खायला मिळते. आपल्याला थोडी गोडी हवी आणि अंगही हवं, म्हणून चौथा-तिसरा हिस्सा पुरे.

पीठ भिजवायची वेळ संध्याकाळची. ४०० मिलिलिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळल्याने बरंच निघून जातं. क्लोरीन आंबवणाऱ्या जीवाणूंना मारक असतं. आंबत नाही, आंबत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या शहरातल्या घरांत पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. बोटाला ऊब लागेल इतपत गरम असताना त्यात थोडं थोडं करत सगळं पीठ कालवा, गुठळ्या मोडा आणि दोन चमचे ताजं ताक घाला.

भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या, अर्धं रिकामं राहील एवढं मोठं. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका. आंबट पदार्थात त्याचा धातू उतरतो. ॲल्युमिनियमही नको. वरून फडकं बांधा, घट्ट झाकण लावू नका. बाटलीत भरून बूच लावण्याचा विचार तर अजिबात नको. आत वायू तयार होत असतो आणि दाबाने काचेची बाटली फुटते.

रात्रभर त्या भांड्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, दही विरजणारे असतात त्यांचेच भाऊबंद. ते साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि तो वाढला की सडवणाऱ्या जीवाणूंना तिथे टिकता येत नाही. पिठात थोडं यीस्ट, म्हणजे साखरेचं मद्य करणारं किण्व, निसर्गतः असतंच. एका रात्रीत त्याला फारसं काही करता येत नाही. तेच पीठ दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर मात्र त्याचा अंमल सुरू होतो. आपली वाट आणि बिअरची वाट इथे वेगळ्या होतात.

किती वेळ ठेवायचं? मे महिन्यात आठ तास पुष्कळ होतात, डिसेंबरात अठरा-वीस तासही लागतील. घड्याळावर विसंबू नका, नाकावर विसंबा. वर पिवळसर पाणी सुटलेलं, कडेला बारीक बुडबुडे आणि दह्याचा स्वच्छ आंबट वास आला की झालं. वास नाकात झोंबला किंवा दारूसारखा आला तर पीठ पुढे गेलं आहे. गुलाबी, काळे, हिरवे डाग किंवा कुजका वास असेल तर सगळं ओतून द्या आणि भांडं उकळत्या पाण्याने धुवा. पीठ कच्चं असल्याने या टप्प्यावर ते चाखून बघू नका. वासानेच ठरवा.

शिजवायच्या आधी मोठा डावभर कच्चं आंबवण बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांत पुन्हा आंबील करणार असाल तर ताकाऐवजी ते विरजण म्हणून चालतं.

उरलेलं पाऊण-एक लिटर पाणी उकळत ठेवा. गवती चहाच्या पाती धुऊन, गाठ मारून त्यात सोडा आणि पाच-सात मिनिटं उकळा. लिंबाच्या सालीला जो वास असतो तो मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि गवती चहातही तेच द्रव्य भरपूर असतं. नुसतं लिंबू पिळलं तर आंबटपणा वाढतो, वास तितका येत नाही. परसातल्या पाती ते काम बिनबोभाट करतात. बेल्जियममधल्या हूगार्डन गावची गव्हाची बिअर १९६० च्या दशकात पिअर सेलिस याने पुन्हा चालू केली, तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात. आपणही चमचाभर धने भरडून याच पाण्यात टाकू शकता. सुरगाण्याच्या आंबिलीत हे घालत नाहीत, ही पाहुण्यांसाठीची हौस समजा. पाणी गाळून पुन्हा आचेवर ठेवा, मीठ घाला.

पीठ तळाशी बसलेलं असतं, ते ओतण्यापूर्वी नीट ढवळा. मग एका हाताने पातळ धार सोडत आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत ते उकळत्या पाण्यात ओता. उलटं करू नका, म्हणजे गार पाण्यात पीठ घालून आच हळूहळू वाढवत नेऊ नका. तसं केलं तर मिश्रण ६०-७० अंशांवर बराच वेळ राहतं, अमायलेजला रान मोकळं मिळतं आणि पुन्हा तो पातळपणा. उकळत्या पाण्यात पडलं की विकर लवकरच निकामी होतं.

गुठळ्या झाल्याच तर रवीने घुसळा, घाबरू नका. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं खदखदू द्या आणि तळापर्यंत डाव फिरवत राहा, नागली पटकन लागते. करपली तर वरची आंबील दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका. रंग मातकट तपकिरीवरून गडद, तुकतुकीत झाला आणि कच्च्या पिठाचा वास गेला की ती शिजली. पूर्ण उकळी येणं महत्त्वाचं आहे: कच्च्या पिठातले नको असलेले जीवाणू मरतात, आंबणं थांबतं आणि आदल्या रात्री चुकून तयार झालेलं थोडंफार मद्यही वाफेबरोबर बरंचसं निघून जातं.

आंबील उतरवताना ताकापेक्षा किंचित दाट असावी. गार होताना ती आणखी घट्ट होते, म्हणून गरम असतानाच पातळ वाटली तर काळजी करू नका. भांडं परातीत गार पाण्यात ठेवून ढवळत राहा, म्हणजे वर साय धरत नाही आणि उन्हाळ्यात ती तासन् तास कोमट राहून बिघडतही नाही.

ताक घालायची घाई हे आंबील बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. भांड्याला बाहेरून हात लावून गार लागलं तरी आतली आंबील गरम असू शकते. डाव घालून तळापासून ढवळून बघा. गरम आंबिलीत ताक घातलं की ते फाटतं आणि दाणेदार चोथा तरंगतो. पूर्ण गार झाल्यावर ताक घाला, आणि ते गोडसर असू द्या. आंबील आधीच आंबट, त्यात आंबट ताक आणि वर लिंबू, मग दात आंबले की पाहुणे पहिल्याच पेल्यात थांबतात.

दोन-तीन लसूणपाकळ्या, अर्धा चमचा जिरं, एखादी हिरवी मिरची ठेचून घाला. लहान मुलांसाठी मिरचीशिवायची वेगळी काढा. लिंबू सगळ्यात शेवटी, वाढायच्या आधी: अर्ध्या लिंबाचा रस, बिया काढून. अख्ख्या लिंबाच्या सालीचा वरचा पिवळा थर किसून टाका. किसणी पांढऱ्या थरापर्यंत गेली तर कडू होतं. गरम आंबिलीत साल टाकली तर तिचा वास उडून जातो.

वाढताना बर्फ घालू नका, त्याने ती पातळ आणि बेचव होते. शिजलेली आंबील मातीच्या मडक्यात गार केली की पुरे. सोबत उडदाची चटणी, भाजलेला पापड किंवा मूठभर भाजके शेंगदाणे असले तर कोणी आणखी काही मागत नाही.

बोरगावच्या बाजूने सापुताऱ्याला जाणारे लोक हल्ली रस्त्यावर थांबून स्ट्रॉबेरी विकत घेतात. तिथल्याच शेतकऱ्याकडे नागली आहे का, हे एकदा विचारून बघा. दोन-तीन किलो दाणाच घ्या, पीठ घेऊ नका. पीठ महिन्याभरात खवट होऊ लागतं, आणि कोरड्या डब्यात ठेवलेला दाणा वर्षानुवर्षं किडत नाही. ताक घातलेली आंबील मात्र त्याच दिवशी संपवायची. बिनताकाची असेल तर फ्रिजमध्ये दोन दिवस चालते.